वाट पाहणाऱ्याचा अधिकार

भगवद्गीतेने कर्म करणाऱ्याचा अधिकार कोठपर्यंत पोहोचतो आणि कोठे थांबतो याची सीमा आखून दिली, आणि शंकराचार्यांच्या भाष्यापासून ज्ञानेश्वरीपर्यंत व ज्ञानेश्वरीपासून लोकमान्यांच्या गीतारहस्यापर्यंत थोरामोठ्यांनी त्या सीमेचा ऊहापोह इतक्या अंगांनी केला, की कर्त्याच्या बाजूने त्या विषयात नवे सांगण्यासारखे फारसे काही शिल्लक नसावे. परंतु ज्याच्या हाती कर्म नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी कर्माचे फळ आपल्या पदरात पडावे म्हणून जो वर्षानुवर्षे डोळे लावून बसला आहे, त्या वाट पाहणाऱ्या मनुष्याचा अधिकार कोणता, त्याने किती अपेक्षा धरावी, अपेक्षाभंग झाल्यास फिर्याद कोणाकडे न्यावी, आणि मुळात अशी फिर्याद त्याला करता येते काय, हा प्रश्न स्वतंत्रपणे क्वचितच विचारला जातो. वास्तविक आपल्या आयुष्याचा केवढा तरी भाग वाट पाहण्यातच जातो. मृग कोरडा गेला म्हणजे आमच्या सोलापूर या अवर्षणग्रस्त जिल्ह्यातील शेतकरी आभाळाकडे पाहत राहतो, दिवाणी दाव्यातील वादी तारखेमागून तारीख घेऊन घरी परततो, आणि परगावी नोकरीस गेलेल्या मुलाची आई सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला तरी तो येईल या आशेवर पौष महिना गाठते.

या प्रश्नाकडे माझे लक्ष नव्याने गेले ते सोलापुरातील काही तरुणांच्या वादामुळे. नवी पेठेत कापडदुकानांच्या वरच्या मजल्यावर, अरुंद जिना चढून गेल्यावर, तासाच्या भाड्याने प्लेस्टेशन खेळावयास देणारी एक खोली आहे. तेथे माझ्या भाच्याला शोधावयास गेलो असता त्याच्या मित्रांचे बोलणे कानांवर पडले आणि मी तेथेच बसून राहिलो. एकाच्या घरी तेलुगू बोलतात, दुसऱ्याच्या घरी कन्नड, भाच्याच्या घरी मराठी. तिघांची आपसांतली भाषा मात्र वाक्यागणिक ‘बे’ येणारी अस्सल सोलापुरी. पडद्यावर क्रिकेटचा कसला तरी खेळ अर्धवट थांबवलेला होता, आणि ज्याला ती मुले रिमोट म्हणतात त्या यंत्राच्या अंगठ्याखालच्या गुंड्यांचे रबर झिजून आतले पांढरे प्लॅस्टिक उघडे पडले होते. वाद चालला होता तो ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या मालिकेच्या सहाव्या भागाविषयी. पाचवा भाग सप्टेंबर २०१३ मध्ये निघाला, तेव्हा ही मुले प्राथमिक शाळेत होती. सहाव्याची पहिली चित्रफीत डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०२५ साल जाहीर झाले. मग मे २०२५ मध्ये ती मुदत २६ मे २०२६ पर्यंत वाढविण्यात आली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा एकदा वाढवून १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख देण्यात आली.

“तेरा वर्षं थांबलोय बे आपण,” एक जण तावातावाने म्हणाला. “आता जगात एक नंबर नाही निघाला तर अर्थ काय ह्याला?”

“अपेक्षाच ठेवायची नाही बे,” दुसरा म्हणाला. “मग कसा का निघेना, डोक्याला ताप नाही.”

भाचा दोघांकडेही न पाहता म्हणाला, “निघू तर दे आधी.”

त्या खेळात ज्या गुन्हेगारीचे चित्रण असते तिच्याविषयी माझे मत अनुकूल नाही, आणि तो प्रौढांसाठीच आहे असे त्याच्या वेष्टनावरही छापलेले असते. परंतु वाट पाहण्याचे स्वरूप वाट पाहिल्या जाणाऱ्या वस्तूच्या थोरपणावर अवलंबून नसते. त्या तीन वाक्यांत अपेक्षेसंबंधीच्या तीन भूमिका इतक्या निखळपणे व्यक्त झाल्या होत्या, की एखाद्या शास्त्रसभेतही पूर्वपक्ष याहून नेटका मांडला जाता ना.

पहिल्या तरुणाची भूमिका हक्काची आहे. इतका काळ मी थांबलो, त्या अर्थी येणाऱ्या वस्तूवर माझा काही लेखी नसला तरी नैतिक दावा उत्पन्न झाला, आणि वस्तू जितक्या उशिराने येईल तितकी ती अधिक थोर असली पाहिजे, कारण उशीर हे माझ्याकडून घेतलेले कर्ज आहे व ते व्याजासह फेडले गेले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. आमच्या दिवाणी कायद्यात दुसऱ्याच्या जमिनीवर कोणी बारा वर्षे उघडपणे, अखंडपणे आणि मालकाच्या हक्काविरुद्ध कब्जा ठेवला तर मूळ मालकाचा दावा मुदतबाह्य होतो, आणि तेरा वर्षे थांबलेल्या त्या तरुणाच्या मनात नकळत अशीच एक वहिवाट तयार झाली होती. परंतु वहिवाटदार निदान ती जमीन कसतो. पावसाळ्यात बांध घालतो, उन्हाळ्यात ढेकळे फोडतो, सारा भरतो. नुसते थांबणाऱ्याने काय कसले? त्याचा काळ गेला हे खरे, परंतु तो तसाही जाणारच होता, आणि ज्यांनी तो खेळ घडविला त्यांच्या श्रमात या जाण्याने तिळभरही भर पडली नाही. त्या घडविणाऱ्यांपैकी काही आमच्यापासून फार दूर नाहीत: बेंगळुरूची ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही जुनी संस्था २०१९ मध्ये या खेळाच्या निर्मात्यांनी, म्हणजे रॉकस्टारने, विकत घेऊन आपल्या तेथील शाखेत सामावून घेतली, आणि सोलापूरच्या स्थानकावर उद्यान एक्स्प्रेसमध्ये बसलेला मनुष्य एका रात्रीच्या प्रवासाने त्या शहरात उतरतो. तेथे संगणकापुढे बसलेल्या कोणा तरुण कारागिरावर सोलापुरातल्या या तरुणाचे तेरा वर्षांचे कर्ज आहे असे म्हणणे न्यायाला धरून होणार नाही.

तरीही मी पहिल्या तरुणाला सर्वस्वी दोष देत नाही, कारण त्याच्या दाव्याच्या मुळाशी प्रेम आहे. पाचव्या भागातले ते काल्पनिक शहर त्याला पार्क चौकापासून सात रस्त्यापर्यंतच्या रस्त्याइतके पाठ आहे, आणि ज्यावर प्रेम बसले त्याच्याकडून मोठे काही मागावे ही मनुष्याची जुनी रीत आहे. शिवाय ही प्रतीक्षा आपोआप उगवलेली नाही. चित्रफिती दाखवून, तारखा जाहीर करून, ती मोठ्या खुबीने वाढविली जाते, आणि जो दुसऱ्याच्या मनात आशेचे बी पेरतो त्याला त्या आशेबद्दल आपले काहीच देणे लागत नाही असे म्हणता येणार नाही. ते देणे नेमके काय, याकडे मला शेवटी वळावयाचे आहे.

दुसऱ्या तरुणाची भूमिका वरवर पाहता अधिक सुज्ञ वाटते, आणि तिला आपल्याकडे वैराग्याचे वस्त्र चटकन् नेसवले जाते. अपेक्षा नाही म्हणून दुःख नाही, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की ते गीतेतलेच आहे अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत नऊ तुष्टी सांगितल्या आहेत त्या येथे आठवतात. चार आंतरिक: प्रकृतीच करील, संन्यासाचे साधन घेतले म्हणजे होईल, काळ आला की होईल, नशिबात असले तर होईल, असे म्हणून स्वस्थ बसणे. पाच बाह्य: विषय मिळवावयाचे कष्ट, राखण्याचे कष्ट, नाशाची भीती, भोगाचे दोष आणि त्यांपायी होणारी हिंसा पाहून त्यांच्यापासून दूर होणे. आणि विलक्षण गोष्ट ही, की या सर्व समाधानांना ईश्वरकृष्ण सिद्धी म्हणत नाही. सिद्धीला अडविणारा अंकुश म्हणून तो त्यांची गणना विपर्यय आणि अशक्ती यांच्या पंक्तीत करतो. ‘डोक्याला ताप नाही’ हे बाह्य तुष्टीचे जितके शुद्ध उदाहरण आहे तितके क्वचितच सापडेल. त्या तरुणाला खेळ नको असे नाही. त्याला तो पहिल्याइतकाच हवा आहे. फक्त नाशाच्या भीतीने त्याने आपली इच्छा पुरून ठेवली आहे, आणि पुरून ठेवलेल्या इच्छेला वैराग्य म्हणणे म्हणजे पुरून ठेवलेल्या धनाला दारिद्र्य म्हणणे होय.

याविरुद्ध कोणी पिंगलेचे उदाहरण देईल. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले त्यांत विदेहनगरीची ही गणिका आहे, आणि एकनाथांनी आपल्या भागवतात तिचा प्रसंग विस्ताराने रंगविला आहे. दारात उभी राहून ती येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहते. हा नाही तर पुढचा, पुढचा नाही तर त्याच्याही मागचा कोणी धनवान येईल, असे म्हणत आत जाते, बाहेर येते, आणि मध्यरात्र उलटते. मग तिला आशेचा वीट येतो व ती सुखाने झोपी जाते. या कथेचा आपण एवढाच भाग लक्षात ठेवतो, आणि मधला भाग विसरतो: आशा टाकण्यापूर्वी पिंगलेला हे कळले आहे, की जो खरोखर देणारा तो आपल्या हृदयातच बसला होता व त्याला सोडून आपण क्षुद्रांची वाट पाहत होतो. तिची निराशा हा अधिक मोठ्या प्राप्तीचा परिणाम आहे. नवी पेठेतल्या तरुणाने मोठे काही मिळविल्यावाचून लहान टाकून दिले, आणि तेही टाकल्यासारखे दाखविले. म्हणून पिंगलेची ती झोप त्याच्या वाट्याला येणार नाही. १९ नोव्हेंबरची रात्र तोही जागून काढील याविषयी मला शंका नाही, आणि त्याने ती जरूर जागावी.

आता अपेक्षेने वस्तूचे काय होते ते पाहू, कारण मला वाटते सर्वांत मोठी हानी तेथे होते. नैयायिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आणि त्याच्या ज्ञानासाठी प्रतियोगीचे, म्हणजे ज्याचा अभाव आहे त्या वस्तूचे, ज्ञान आवश्यक ठरविले. भूतलावर घट नाही हे ज्ञान ज्याच्या मनात घट आहे त्यालाच होते. ज्याने घट कधी मनात आणला नाही त्याला तेथे केवळ भूतल दिसते. वर्षानुवर्षे वाट पाहणारा मनुष्य मनात एकामागून एक घट रचीत असतो: त्या खेळात अमुक नगर असेल, तमुक पात्र परत येईल, प्रत्येक घराचे दार उघडेल, रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला स्वतःची दिनचर्या असेल. मग वस्तू येते, आणि तिच्यात जे आहे ते त्याला दिसतच नाही. दिसतात ते अभाव, आणि प्रत्येक अभावाचा प्रतियोगी त्याच्याच मनातून पुरविलेला असतो. ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ हा खेळ १९९७ मध्ये जाहीर होऊन २०११ मध्ये निघाला, तेव्हा समीक्षकांनी त्याला झोडपले, आणि तो होताही निकृष्ट. परंतु चौदा वर्षांत त्याच्याविषयी जे कल्पिले गेले होते त्याच्या जवळपास कोणताही मानवी खेळ पोहोचला नसता, हेही तितकेच खरे. उलट ‘सिल्कसाँग’ या खेळाचे पाहा. ऑस्ट्रेलियातील ॲडलेडच्या मूठभर लोकांनी तो फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केला आणि ४ सप्टेंबर २०२५ रोजी दिला. मधल्या काळात जगभर लोक अधीर झाले, आणि निर्मात्यांनी शेवटी सांगितले ते इतकेच, की आम्ही कोठे अडलो नव्हतो, आम्हाला ते काम करताना आनंद होत होता म्हणून वेळ लागला. ज्या दिवशी तो आला त्या दिवशी विक्रीची संगणकीय दुकाने गर्दीने बंद पडली. पुष्कळांना तो फार आवडला, काहींना अतिशय कठीण वाटला. परंतु या दुसऱ्या वर्गातल्यांची तक्रार निदान त्या खेळाविषयीच होती, आपल्या मनातल्या खेळाविषयी नव्हती, आणि मला ती तक्रार सन्मान्य वाटते.

ज्याची कोणीच वाट पाहत नाही अशा कर्त्याची स्थितीही येथे ध्यानात घ्यावी. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने ‘राजी’ नावाचा खेळ करावयास घेतला. त्यात एक सर्कशीतली मुलगी देवांच्या कृपेने शस्त्र घेऊन आपल्या धाकट्या भावाला असुरांच्या हातून सोडवावयास निघते. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीचे आवाहन केले, आणि ठरलेली रक्कम जमली नाही. म्हणजे जगाने त्यांना जणू कळविले, की तुमच्या फळाची आम्हाला अपेक्षा नाही. तरीही त्यांनी काम पुरे केले. २०२० मध्ये तो खेळ निन्टेंडो स्विचवर व नंतर इतर यंत्रांवर निघाला, आणि त्याच वर्षी जगातल्या मोठ्या खेळपुरस्कारांत पहिल्या कृतींच्या नामांकनात त्याचे नाव आले. तो आटोपशीर खेळ आहे, त्यात उणिवा आहेत. परंतु त्याला पाहणाऱ्याने तो जसा आहे तसा पाहिला, कारण त्याच्या आड कोणाच्या मनातली मूर्ती उभी नव्हती. जे भाग्य या पुण्याच्या मंडळींना लाभले ते रॉकस्टारला पैसे मोजूनही विकत घेता येणार नाही.

वाट पाहण्याचे खरे शास्त्र शोधावयास मला सोलापूरच्या बाहेर जावे लागत नाही, कारण या नगराची मूळ कथाच प्रतीक्षेची आहे. बाराव्या शतकात सोन्नलिगे या खेड्यात धूळिमाकाळ नावाचा एक अबोल मुलगा रानात गुरे राखीत असता जंगमाच्या रूपात मल्लय्या, म्हणजे श्रीशैलाचा मल्लिकार्जुन, त्याच्यापुढे आला. मुलाने त्याला हुरडा खाऊ घातला, आणि पोटातला दाह शमविण्यासाठी त्या जंगमाने दहीभात मागितला. मुलगा धावत घरी गेला, आईकडून दहीभात घेऊन परत आला, तो तेथे कोणी नव्हते. ज्याने मागितले तोच निघून गेला होता! हातात दहीभात आणि तोंडात मल्लय्याचे नाव घेऊन तो पोर श्रीशैलाच्या यात्रेकरूंमागून चालत गेला, आणि देव सापडेना तेव्हा कड्यावरून उडी टाकणार तोच मल्लिकार्जुनाने त्याचा हात धरला, अशी कथा राघवांकाच्या कन्नड काव्यापासून आजवर सांगितली जाते. आता पहिल्या तरुणाच्या हिशेबाने पाहिले तर इतक्या वणवणीचे फळ म्हणून त्या मुलाला श्रीशैलावरच ठेवून घ्यावयास हवे होते. देवाने त्याला सांगितले ते मात्र असे, की परत जा आणि तुझ्या गावाचे श्रीशैल कर. तो परत आला. त्याने अडुसष्ट लिंगे स्थापिली आणि तळे खणविले, त्याच तळ्याच्या पाण्यात आज सिद्धेश्वराचे मंदिर उभे आहे. ज्याची वाट पाहिली तो भेटला, परंतु जे कल्पिले होते ते मिळाले नाही. त्याऐवजी हातात कुदळ आली.

आणि कथा येथेही थांबत नाही, ही तिची थोरवी. शून्यसंपादने या वीरशैव ग्रंथात असे वर्णन आहे, की तोच मुलगा, आता सिद्धराम, तळ्याच्या कामावर असता अल्लमप्रभू सोन्नलिग्यास आले आणि त्यांनी त्याला माती खणणाऱ्या वडाऱ्याच्या नावाने हाक मारली, तेव्हा सिद्धरामाच्या माणसांनी संतापून त्यांच्यावर दगड फेकले. अल्लमांचा आक्षेप तळ्याला नव्हता; तळे बांधून पुण्य मिळेल या अपेक्षेला होता. एकदा देवाची वाट पाहणारा मनुष्य आता पुण्याची वाट पाहू लागला होता, आणि ज्या कामाने तो प्रतीक्षेतून सुटला त्याच कामाने त्याला पुन्हा प्रतीक्षेत बांधले होते. अल्लम त्याला कर्नाटकातील कल्याणला घेऊन गेले. मला या प्रसंगात शिकवण दिसते ती अशी, की अपेक्षा एकदा उपटून टाकली म्हणजे संपली असे होत नाही. ती प्रत्येक चांगल्या गोष्टीच्या बुंध्याशी पुन्हा फुटते, आणि तिच्याशी आयुष्यभर वागावे लागते. म्हणूनच ‘अपेक्षाच ठेवायची नाही’ हा एका वाक्याचा निकाल मला कधी पटला नाही.

सोलापूरपासून सुमारे ७० किलोमीटरवर पंढरपूर आहे, आणि तेथे नाते नेमके उलटे होते: तेथे वाट पाहणारा देव आहे. पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतला असता परब्रह्म दाराशी आले, आणि त्याने हातातले काम न सोडता मागे एक वीट फेकून त्यावर थांबावयास सांगितले. विटेवर उभा राहणारा विठ्ठल हा माझ्या मते प्रतीक्षेचा आदर्श आहे, आणि तो आदर्श भक्ताच्या नव्हे तर देवाच्या रूपाने मांडावा ही महाराष्ट्राच्या प्रतिभेची अपूर्व झेप आहे. तो रागावत नाही, घाई करीत नाही, माझ्यासारख्याला थांबविले म्हणून अधिक सेवा मागत नाही. आणि तो निघूनही जात नाही. हात कमरेवर ठेवून तो उभा आहे, पूर्ण इच्छेने, पूर्ण लक्षाने. पहिल्या तरुणाचा दावा त्याच्या ठिकाणी नाही, आणि दुसऱ्याची उदासीनताही नाही.

त्या देवाला भेटावयास जे येतात त्यांनी ही कला त्याच्याकडूनच उचलली असावी. आषाढीला दर्शनाची बारी मंदिरापासून निघून दर्शनमंडपातून, बांबूच्या कठड्यांमधून, पत्र्यांच्या शेडमधून गोपाळपूरपर्यंत जाते. पावसात भिजलेल्या बायका डोक्यावरची तुळस सांभाळीत रात्रभर तीत उभ्या असतात, कोणी उभ्या उभ्या डुलकी घेते, पुढचीचा पदर हलला की मागचीचे पाऊल हलते. आणि ज्यांना इतका वेळ थांबणे शक्य नसते असे हजारो लोक आळंदी-देहूपासून सुमारे अडीचशे किलोमीटर चालत येऊन चंद्रभागेत स्नान करतात, पुंडलिकाला भेटतात, नामदेव पायरीशी माथा टेकतात, दुरूनच कळसाला हात जोडतात आणि परत फिरतात. त्यांना मूर्ती पाहण्याची इच्छा नव्हती असे कोण म्हणेल? परंतु कळस पाहून परतणाऱ्या म्हाताऱ्या वारकऱ्याच्या तोंडी मी ‘दर्शन झाले नाही’ हे शब्द ऐकलेले नाहीत. ‘झालं दर्शन’ असेच तो म्हणतो, आणि ते खोटे नसते. प्रतियोगी मनात असूनही त्याला अभाव दिसत नाही, कारण वाट चालत असताना जे त्याला मिळत गेले ते त्याने मिळाले म्हणून मोजले आहे.

माझा भाचा, जो ‘निघू तर दे आधी’ म्हणाला, त्याच्या वागण्यात मला या वारकऱ्याचा काही अंश आढळला. जाहीर झालेली ती चित्रफीत तो रोज थोडी थोडी पाहतो, परंतु इतरांसारखी नव्हे. ओल्या रस्त्यावर दिव्यांचे प्रतिबिंब पडते तेथे ती थांबवतो, मागे नेतो, पुन्हा थांबवतो, आणि आपल्या जुन्या संगणकावर तसा ओला रस्ता उभारण्याचा प्रयत्न करतो. “हे पाणी कसं केलं असंल, मामा, सांगा बघू,” असे त्याने मला विचारले, आणि मला अर्थातच सांगता आले नाही, तेव्हा त्यानेच प्रकाश कोणत्या कोनाने परततो ते कागदावर काढून दाखविले. खेळ उद्या आला किंवा आणखी एक वर्षाने आला, तरी या मुलाचा मधला काळ फुकट गेलेला नसेल. वहिवाटीच्या अर्थाने पाहिले तर तिघांत जमीन कसणारा हा एकटाच. आणि गंमत अशी, की दावा सांगण्याचे त्याच्या मनातही नाही.

आता ते देणे. वाट पाहणाऱ्याला वस्तूच्या थोरपणावर हक्क नाही, तारखेवरही नाही, असे मी म्हटले. मग त्याचा अधिकार कशावर? माझे उत्तर असे, की सत्यावर. पुंडलिकाची कथा पुन्हा या बाजूने वाचावी. त्याने देवाला उगीच आशेवर ठेवले नाही, ‘आलोच’ असे खोटे सांगितले नाही, किंवा अमुक घटकेला येतो अशी मुदतही दिली नाही. काम चालू आहे हे खरे कारण सांगितले, आणि उभे राहावयास जागा दिली. वाट पाहावयास लावणाऱ्याकडून याहून अधिक मागता येत नाही आणि याहून कमी चालवून घेता कामा नये. ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ २०१२ मध्ये जाहीर होऊन, मुदती वारंवार पुढे जात, १० डिसेंबर २०२० रोजी निघाला. त्याच्या निर्मात्यांचा अपराध उशिराचा नव्हता. जुन्या यंत्रांवर तो धड चालत नाही ही गोष्ट प्रकाशनापूर्वी लोकांपुढे आली नाही, कारण समीक्षकांना आगाऊ प्रती मिळाल्या त्या संगणकावर चालणाऱ्या, आणि ज्यांनी आपल्या घरातल्या जुन्या प्लेस्टेशनसाठी पैसे भरले त्यांना ते घरी आल्यावर कळले. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला व पैसे परत देण्याची व्यवस्था केली, आणि तो पुन्हा तेथे ठेवला गेला तो जून २०२१ मध्ये. ती फिर्याद मला सर्वस्वी न्याय्य वाटते. पुढे त्यांनी वर्षानुवर्षे दुरुस्त्या करून २०२३ पर्यंत तो खेळ खरोखर चांगला केला हे त्यांना भूषणावह आहे, पण त्यामुळे आधीचे झाकलेले उघडे होते असे नाही.

या कसोटीवर रॉकस्टारची नोव्हेंबर २०२५ मधली सूचना पाहिली तर तिच्यात विलंबाबद्दल दिलगिरी आहे, खेळाला अपेक्षित सफाई देण्यासाठी हे महिने हवेत असे कारण आहे, आणि नवी तारीख आहे. कारण खरे असेल तर ती वीट भक्कम आहे, आणि तीवर उभे राहण्यात सोलापूरच्या त्या तरुणांना कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही. ते खरे नसेल तर त्यांना रागावण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि तेव्हा मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. या वर्षी ज्येष्ठ अधिक आल्याने कार्तिकी उशिरा पडते, आणि खेळाची ती जाहीर तारीख नेमकी कार्तिकी एकादशीच्या आठवड्यात येते. भाच्याने मला विचारले, की तारीख पुन्हा पुढे गेली तर त्या आठवड्यात मी त्याला पंढरपूरला नेईन काय. मी म्हटले, तारीख पाळली गेली तरी नेईन, आणि परत आल्यावर तो ओला रस्ता त्यांनी कसा केला आहे तेही मला पाहावयाचे आहे.